बोलल्याशिवाय उतरायचं नाही

बग्गी माझी, घोडे माझे, आणि बग्गीत बसणारी दोन्ही माणसंही माझीच. म्हणून तर सगळा घोळ झाला.

वॉल्टन मेसिक आमचा खासदार. आमचं डेलावेअर राज्य एवढंसं, की अख्ख्या राज्याला मिळून वॉशिंग्टनला एकच खासदार पाठवायचा, आणि अठ्ठावीस वर्षं तो वॉल्टनच होता. माझ्या बरोबरीचा, एका शाळेतला, आणि माझ्या नवऱ्याचा, एमेटचा, जिवाभावाचा दोस्त. निवडणूक आली की एमेट शेताच्या कडेनं वॉल्टनच्या नावाच्या पाट्या ठोकायचा, आणि निवडणूक झाली की मी वॉल्टनला बग्गीतून मिरवायची. यंदा त्याच्याविरुद्ध कोण उभं राहावं? आमची डार्ला! माझी पोटची पोर. त्याच्याच जॉर्जटाउनच्या ऑफिसात वीस वर्षं काम केलेली, त्याला वॉल्टनकाका म्हणणारी. आणि उभी राहिली कुठून, तर आमच्या घरातून ज्या पक्षाला कधी चुकूनही मत गेलं नाही, त्या पक्षातून.

का गं बाई, म्हणून विचारलं की म्हणायची, "आई, सांगेन नंतर." वॉल्टनला विचारलं की, "तिलाच विचार." मार्चपासून दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. टीव्हीवरच्या वादविवादात बोलले असतील तेवढेच, पण ते माइकशी. एमेट असता तर त्यानं दोघांना एका संध्याकाळी जेवायला बसवलं असतं, ताटात कोंबडी आणि तिच्या रश्श्यात शिजवलेले कणकेचे ते निसरडे डम्प्लिंग वाढले असते, आणि विषय मिटवला असता. पण तो फेब्रुवारीतच गेला. म्हणजे हे काम आलं माझ्या गळ्यात. आणि माझा स्वभाव काही एमेटसारखा थंड नाही.

मतदानानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी, जॉर्जटाउनला आमची निकालाची जत्रा भरते. जिंकलेला आणि हरलेला एकाच बग्गीत बसून गावातून मिरवतात. जिंकलेला पुढं तोंड करून, हरलेला मागं तोंड करून. मग कोर्टाच्या सज्जातून दवंडीवाला निकाल वाचतो, दोन्ही पक्षांचे अध्यक्ष एकच कुऱ्हाड दोघांनी धरून वाळूत पुरतात, आणि सगळे जण भाजलेल्या बैलाचं मांस पावात घालून फुकट हादडतात. कुऱ्हाडीबरोबर भांडणही तिथंच पुरून संपवायचं. हरला म्हणून जत्रेला आला नाही, अशा माणसाला आमच्या ससेक्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

एरवी निकाल आधीच सगळ्यांना माहीत असतो, दवंडी नुसती नावाला. यंदा मात्र खरोखरच कुणाला काही माहीत नव्हतं. डार्ला दोनशेच्या आतबाहेर मतांनी पुढं होती, आणि राज्याला मधून कापणाऱ्या कालव्याच्या वरच्या, उत्तरेकडच्या भागातली टपालाची मतं मोजायची राहिली होती. आकडा गुरुवारी दुपारी येणार, तो थेट दवंडीवाल्याच्या हातात.

मला निकालाचं काही पडलं नव्हतं असं म्हणणार नाही, तेवढी साधू मी नाही. पण खरी धास्ती वेगळीच होती. दवंडी झाली की दोघांपैकी एक जण वॉशिंग्टनला जाणार, दुसरा इथं राहणार, आणि मनातली अढी दोघंही आपापल्या घरी घेऊन जाणार. मग मी काय करायचं? उरलेलं आयुष्य दोघांना वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलवायचं? म्हणून मी ठरवूनच टाकलं होतं. दवंडीच्या आत या दोघांना एकमेकांशी बोलतं करायचं, मग काही का होईना.

सकाळी बिस्किट आणि डीकन या माझ्या दोन घोड्यांना जुंपून मी निघायच्या जागी पोचले, तर तिथं आधीच बाचाबाची चालू. वॉल्टनच्या पक्षाचा अध्यक्ष बर्टन लिंगो आणि डार्लाच्या पक्षाची अध्यक्ष फिलिस रस्ट, दोघं नाकाला नाक भिडवून उभे. कुणी पुढं तोंड करून बसायचं, यावरून.

"जानेवारीपर्यंत खासदार तेच आहेत!" लिंगो ओरडत होता. "खासदार पुढंच तोंड करणार!"

"मतं कुणाची जास्त आहेत ते सांगा की आधी," फिलिस म्हणाली.

"मोजून संपलीयेत का? टपाल राहिलंय अजून!"

"मग दोघांना आडवं बसवता का?"

वॉल्टन बाजूला हॅट हातात धरून उभा होता. डार्ला दुसऱ्या बाजूला, निळा कोट घालून, फोनमध्ये डोकं खुपसून. दोघांमध्ये एक अख्खा चित्ररथ मावला असता एवढं अंतर. माझं डोकं सणकलं.

"ए, गप्प बसा दोघं," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "बग्गी माझी आहे. डार्ला पुढं तोंड करून बसेल, वॉल्टन मागं."

लिंगो उसळलाच. "बघा! मुलगी आहे म्हणून! विनीताई, हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं."

"मुलगी आहे म्हणूनच सांगतेय. उलटं बसली की तिला मळमळतं. लहानपणापासून. सगळ्या राज्यादेखत ओकली तर तो निकाल कोण वाचणार, तू?"

फिलिसचं तोंड पडलं, डार्ला "आई!" म्हणून लालबुंद झाली, आणि वॉल्टन पहिल्यांदा हसला. "खरंय," तो म्हणाला. "माझी नवी कोरी गाडी होती. घेऊन चार दिवस झाले नव्हते."

तो मुकाट्यानं चढला आणि मागं तोंड करून बसला. म्हणजे त्याची पाठ माझ्या पाठीला लागून, मध्ये फक्त बैठकीची फळी. डार्ला त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. लिंगो कपाळ धरून म्हणाला, "झालं! लोक म्हणणार यांनी हार मानली."

"म्हणू देत रे, बर्टन," वॉल्टन म्हणाला. "पाठीला जरा ऊन तरी लागेल."

मी लगाम हलवला आणि आम्ही निघालो. सगळ्यात पुढं आमची बग्गी. मागं शेरीफच्या निवडणुकीतले दोघे, त्यांच्यामागं बाकीचे, मग हायस्कूलचा बँड, मग ट्रॅक्टर, जुन्या मोटारी, आणि कोंबड्यांच्या पिसांचे पोशाख घातलेली कसलीशी मंडळी. हवा गार, ऊन लख्ख, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. एवढी माणसं मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. निकाल खरंच ऐकायचा होता ना यंदा.

"विनी, मत कुणाला दिलंस गं?" न्हाव्याच्या दुकानापाशी कुणीतरी हाक मारली.

"डीकनला!" मी म्हटलं. "तो तरी लीद टाकली की कबूल करतो!"

लोक खो-खो हसले. बग्गीत मात्र कुणी हसलं नाही. डार्ला डावीकडं हात हलवत होती, वॉल्टन उजवीकडं, आणि दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. असा बराच रस्ता गेला. शेवटी मीच म्हटलं, "बोला की काहीतरी. हवेवर बोला."

"हवा छान आहे," वॉल्टन म्हणाला.

"आई, त्यांना सांग, गार आहे," डार्ला म्हणाली.

"मी काय पोस्टमन आहे का गं?"

पुन्हा सगळं थंड. तेवढ्यात आम्ही गोल चौकात येऊन पोचलोसुद्धा. जॉर्जटाउनचा चौक अगदी गोल, मध्ये झाडं आणि हिरवळ, कडेला कोर्ट. कोर्टासमोर मंडप, मंडपापाशी लिंगो आणि फिलिस आमच्या आधी धावत येऊन उभे, दोघांच्या मधे वाळूची पेटी आणि कुऱ्हाड. वर सज्जात दवंडीवाला हार्वी ड्यूक्स, उंच काळी टोपी घालून, हातात घंटा. इथं बग्गी थांबवायची, दोघांना उतरवायचं, दोघं मंडपात बसले की हार्वी निकाल वाचणार. अठ्ठावीस वर्षं मी तिथंच थांबले होते.

थांबले की संपलं, हे मला त्या क्षणी दिसलं. दोघं दोन बाजूंनी उतरतील, दोन खुर्च्यांवर बसतील, आणि मग जन्मात बोलणार नाहीत.

मी जिभेनं टक् टक् केलं. बिस्किट आणि डीकन मंडपावरून सरळ पुढं गेले.

"विनीताई! अहो, इथं! इथं!" लिंगो बग्गीच्या मागं धावला.

"आई, मंडप गेला मागं," डार्ला म्हणाली.

"दिसतोय मला."

"मग थांबव ना!"

"नाही थांबवत. तुम्ही दोघं माणसांसारखं बोलल्याशिवाय कुणीही खाली उतरायचं नाही."

"विनी, हा काय पोरखेळ," वॉल्टन म्हणाला.

"पोरखेळ तुमचा चाललाय मार्चपासून. मी फक्त गाडी हाकतेय."

आता या मिरवणुकीचा एकच नियम असतो: पुढची गाडी जाईल तिकडं मागच्यानं जायचं. शेरीफचे दोघे आमच्या मागं वळले. त्यांच्यामागं बाकीचे वळले. बँड वाजवत वाजवत वळला. मी चौकाला पूर्ण वेढा घालून परत मंडपासमोर आले, तर तिथं मिरवणुकीचं शेपूट अजून चौकात शिरत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं, आपल्या पुढून खासदारांची बग्गी चाललीये, तर तोही बिचारा आमच्यामागं लागला. झालं! चौकभर एकच माळ लागली, ना कुणाला बाहेर पडता येतंय, ना थांबता येतंय. लोकांना वाटलं यंदा काहीतरी नवीन रिवाज काढलाय. टाळ्या वाजवायला लागले. वरून हार्वी घंटा बडवत होता, पण बँडपुढं कोण ऐकतंय?

"फोन करून सांगा त्यांना थांबायला!" लिंगो फिलिसला सांगताना ऐकू आलं.

"घोड्याला फोन करू?" फिलिस म्हणाली.

दुसऱ्या फेरीला वॉल्टनला तोंड फुटलं.

"ठीक आहे. बोलतो," तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध उभी राहिलीस, हरकत नाही. कुणीतरी राहणारच. पण मला ते पेपरात वाचून कळलं, डार्ला. वीस वर्षं माझ्या ऑफिसात होतीस. मी तुला सायकल शिकवली. आणि मला पेपरातून?"

"मग कसं कळवायला हवं होतं?" डार्ला म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, तिच्या बापाचा व्हायचा तसा. "छापील कार्ड पाठवायला हवं होतं का?"



"कसलं कार्ड?" मी विचारलं.

"काही नाही, आई. गाडी हाक तू."

"कसलं कार्ड, डार्ला?"

बँडनं तेवढ्यात एक गाणं संपवलं आणि दुसरं सुरू व्हायचं होतं, म्हणून मला तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"बाबा गेले तेव्हा वॉल्टनकाका आले नाहीत. त्यांच्या वॉशिंग्टनच्या ऑफिसातून कार्ड आलं. 'एमेट यांच्या जाण्यानं ससेक्सच्या मातीनं आपला एक सच्चा माणूस गमावला आहे.' आठवतंय?"

आठवतंय का! ते कार्ड माझ्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर होतं. वॉल्टन आला नाही याचं वाईट वाटलं होतं, नाही असं नाही, पण ते वाक्य वाचून मी म्हटलं होतं, जाऊ दे, आला नाही तरी माणूस ओळखून होता तो एमेटला. येईल त्याला मी ते वाचून दाखवायची. माती, सच्चा माणूस. एमेट होताच तसा.

"ते वाक्य माझं आहे, आई," डार्ला म्हणाली. "ऑफिसात नवीन लागले होते तेव्हा मी लिहिलं. मिलफर्डच्या कुणा बाईचा नवरा गेला होता. चांगलं वाटलं सगळ्यांना, म्हणून मग तेच ठेवलं. नाव तेवढं बदलायचं. किती घरांत मी पाठवलं असेल ते. आणि मग एक दिवस ते आपल्याच दारात आलं, बाबांचं नाव घालून."

मी लगाम ओढला.

घोडे जागच्या जागी थांबले. शेरीफची गाडी थांबली, तिच्यामागची थांबली, बँडमधला मोठा भोंगा वाजवणारा पुढच्यावर आदळला, आणि हळूहळू सगळा चौक गप्प झाला. लोकांना वाटलं असेल, आता काहीतरी होणार. मंडप आमच्यापासून चांगला लांब होता; आम्ही बँकेसमोर अडकलो होतो.

दोघांचं भांडण मिटवायला निघाले होते मी. आणि आता बघते तर मलाच राग म्हणजे काय असा राग आला होता. मागं वळून बघायचीसुद्धा इच्छा होईना.

"वॉल्टन," मी पुढं बघतच म्हटलं. "तू ते वाचलं तरी होतंस का?"

"नाही," तो म्हणाला.

"सही?"

"सहीचा शिक्का असतो, विनी."

"आणि तू कुठं होतास?"

"सभागृहात. मत द्यायचं होतं."

"कशावर?"

बिस्किटनं पाय आपटला.

"आठवत नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. त्या दिवशी फार महत्त्वाचं वाटलं होतं. आता आठवत नाही कशावर होतं."

लाज वाटत नाही का मेल्या, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्याच्या आवाजात जे काही होतं ते मला बैठकीच्या फळीतून पाठीला जाणवत होतं. त्याला वाटत होती. पुरेपूर वाटत होती.

"मला एमेटच्या अंत्यविधीला चर्चमध्ये बोलायचं होतं," तो म्हणाला. "आदल्या रात्री सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. सकाळी सभागृहातून फोन आला. म्हटलं, एमेट समजून घेईल. तो सगळं समजून घ्यायचा."

"मेलेल्या माणसाला समजून घ्यायला लावलंस?"

"हो."

"काय बोलणार होतास?"

"आता?"

"नाही, पुढच्या निवडणुकीला! आता सांग. माझ्या बग्गीत बसलायस, सगळं गाव खोळंबलंय, आणि तुला अजून वेळ बघायचीये?"

तेव्हा त्यानं सांगितलं. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, डार्लाला दिसत होतं. तो सभेतल्यासारखा नाही बोलला. अडखळत, मध्येच थांबत बोलला.

एमेट आणि तो तेव्हा जेमतेम विशीत होते. एमेटच्या बापाचा ट्रक घेऊन, कोंबड्यांची खोकी लादून, फिलाडेल्फियाच्या बाजाराला निघालेले. कालव्याच्या पुलावर ट्रकची मागची फळी उघडली. वॉल्टननंच ती नीट लावली नव्हती. खोकी पडली, फुटली, आणि त्या उंच पुलावर कोंबड्याच कोंबड्या. दोन्ही बाजूंनी मोटारी थांबल्या. वॉल्टन रडायच्या बेतात आला. आणि एमेट? एमेट पुलाच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "मंडळी, जो पकडेल त्याची!" झालं, बायका, म्हातारे, ट्रकवाले, सगळे मोटारीतून उतरून कोंबड्यांमागं धावायला लागले. एक पाद्री पण होता म्हणे. आणि कोंबडी बगलेत मारून जाणाऱ्या प्रत्येकाला एमेट सांगायचा, "यानं दिलीये बरं का कोंबडी, या वॉल्टन मेसिकनं. नाव लक्षात ठेवा."

"घरी गेल्यावर बापाचा मार एमेटनं खाल्ला," वॉल्टन म्हणाला. "फळी मी लावली होती हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढं मी पहिल्यांदा उभा राहिलो. कालव्याच्या वर मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. विल्मिंग्टनला एका दारावर गेलो, तर आतून म्हातारी म्हणाली, तू तोच ना रे, कोंबडीवाला? तिनं शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावलं. माझं सगळं राजकारण एमेटच्या कोंबड्यांवर उभं आहे. हेच सांगायचं होतं चर्चमध्ये. लोक हसले असते. एमेटला आवडलं असतं."

मी रडत होते आणि हसतही होते. ट्रकची फळी एमेटनं उघडी ठेवली असं मी लग्नापासून ऐकत आले होते. सासरे मरेपर्यंत त्याला त्यावरून टोमणे मारायचे. आणि हा गाढव कधी बोलला नाही, एका शब्दानंही नाही!

"चुकलं माझं, विनी," वॉल्टन म्हणाला. "डार्ला, तुझ्यापाशीही चुकलं."

"पाद्र्याला मिळाली का कोंबडी?" डार्लानं विचारलं. नाक पुसत विचारलं, पण त्यालाच विचारलं, सरळ, माझ्यामार्फत नाही.

"दोन नेल्या लबाडानं."

तेवढ्यात हार्वी ड्यूक्सचा धीर संपला. उमेदवार मंडपात बसोत न बसोत, माणसाला थंडी वाजते. त्यानं घंटा बडवली, गळा साफ केला आणि सज्जातून वाचायला सुरुवात केली. आधी शेरीफ, मग बाकीचे, आणि शेवटी खासदार. आम्ही बँकेसमोरून ऐकलं. डार्ला विल्गस, एकशे एकतीस मतांनी.

चौकातून असा काही आवाज उठला की डीकननं कान मागं टाकले. डार्ला जागच्या जागी बसून राहिली, तोंडावर हात ठेवून. वॉल्टन उठला. अठ्ठावीस वर्षं गेली त्याची, एका वाक्यात. मला वाटलं हा आता बसतो की काय खाली. पण त्यानं बग्गीतच उभं राहून तिचा हात धरला, तिला उठवलं, आणि तो हात उंच करून चारी बाजूंना दाखवला. लिंगोसुद्धा टाळ्या वाजवत होता, रडवेल्या तोंडानं. मग लिंगो आणि फिलिसनं ती कुऱ्हाड पुरली, आणि वाळू आधी कुणी टाकायची यावरून तिथंही त्यांचं जुंपलंच.

मी खाली उतरले. डार्लाही उतरली, आणि लोकांचा लोंढा तिच्याकडं यायच्या आत मी तिचा हात पकडला.

"एक सांग मला," मी म्हटलं.

"काय, आई?"

"मी मेले की येशील?"

"आई! आजच्या दिवशी काय हे!"

"आजच सांग. मत असलं तरी. सभागृहात कसलंही मत द्यायचं असलं तरी."

"येईन. शपथ. कुठंही असले तरी येईन."

वॉल्टन मागून बग्गीच्या पायरीवरून उतरत होता. तो थांबला. "मीपण हेच म्हटलं होतं," तो म्हणाला, कुणाकडंच न बघता. "एमेट आजारी होता तेव्हा. तुमच्याच स्वयंपाकघरात. अगदी हेच शब्द."

"तू गप्प बस रे," मी म्हटलं, पण त्यात दम नव्हता.

डार्ला त्याच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. लोक येऊन पोचले होते. कुणी तिला मिठी मारत होतं, कुणी माइक पुढं करत होतं, फिलिस तिचा कोट धरून ओढत होती, चला, चला, सगळे थांबलेत. ती सगळ्यांना हो, हो म्हणत होती. पण माझा हात तिनं सोडला नाही, इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. शेवटी मीच तो सोडवून घेतला. घोडे उन्हात उभे होते, त्यांना पाणी दाखवायचं होतं.